शेव शेवटी टाकायची

आबा, परवा माझ्या दवाखान्यात एका बस ड्रायव्हरचा हिपॅटायटिस सी बरा झाला. नुसता आटोक्यात आला नाही, पार बरा झाला. तीन महिने रोज गोळी घेतली आणि रक्तात विषाणूचा मागमूस राहिला नाही. रिपोर्ट हातात घेऊन तो म्हणाला, "म्हणजे सर्दी बरी होते तसं का, मॅडम?" मी म्हटलं, "तसंच समजा." तो चपला घालून निघून गेला, त्याला गाडी घेऊन चोपड्याला जायचं होतं. मी मात्र खुर्चीत बसून राहिले. ही बातमी ज्याला सांगावी आणि ज्याने ऐकून खुर्चीतून उठून उभं राहावं, असा माणूस मला सगळ्या जळगावात आठवेना. आपण काविळीच्या ज्या विषाणूंना "ए नाही, बी नाही, मग कोण" असं म्हणत असू, त्यातलाच हा एक. तेव्हा त्याला धड नावसुद्धा नव्हतं. आता त्याला घालवता येतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

धुळ्याला देवपूरच्या तुमच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा आले तो दिवस मला लख्ख आठवतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नशिराबादच्या गादीवाल्याची मुलगी, नुकतीच डॉक्टर झालेली, अंगावर आईने इस्त्री केलेला पांढरा कोट. अब्बा मला सोडायला धुळ्यापर्यंत आले होते आणि बाहेरच्या बाकावर पेशंटसारखे बसून होते. तुम्ही माझे मार्क विचारले नाहीत. विचारलंत, "कावीळ झालेल्याला खायला काय देशील?" मी घडाघडा म्हटलं. तेल बंद, तूप बंद, डाळ बंद, उसाचा रस, ग्लुकोज, फुटाणे. तुम्ही खूश होऊन मान डोलावलीत. "शाबास. मी गेली तीस वर्षं हेच सांगत आलो," म्हणालात, "आणि ते चूक आहे."

मग तुम्ही टेबलावरचं एक परदेशी मासिक माझ्याकडे सरकवलंत. तेल बंद केल्याने कावीळ लवकर उतरते याला कसलाही आधार सापडत नाही, उलट माणूस उपाशी राहून खंगतो, असं त्यात लिहिलं होतं. साठी ओलांडलेला, अख्ख्या तालुक्याने मानलेला डॉक्टर आपली तीस वर्षांची चूक एका नवख्या मुलीला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, आणि सांगताना त्याला हसू आवरत नाही, हे मी कुठे पाहिलं नव्हतं. मला जरा भीतीच वाटली. बाहेर आल्यावर अब्बांनी विचारलं, "कसे आहेत?" मी म्हटलं, "आनंदी आहेत." अब्बा म्हणाले, "मग राहा." तेव्हापासून घरी अब्बा आणि दवाखान्यात आबा, असे मला दोन झाले. फोनवर आईला सांगताना दर वेळी गोंधळ व्हायचा.

नवं मत कळलं तरी ते लोकांच्या गळी उतरवणं अवघड होतं. तुमचा संसार सांभाळणाऱ्या अक्का दवाखान्यामागच्या स्वयंपाकघरात पेशंटसाठी रोज वरण-भात आणि तेलाची फोडणी दिलेली भाजी करायच्या, आणि नातेवाईक ती गुपचूप मागच्या दाराच्या शेळीला घालायचे. ती शेळी त्या वर्षी चांगली गुबगुबीत झाली होती. "माझ्या हातचं शेळी खाते आणि पेशंट फुटाणे चघळतो," असं अक्का तुमच्याकडे तक्रार करायच्या. तुम्ही म्हणायचात, "तीस वर्षं मीच शिकवलंय ना त्यांना. विसरायला तेवढा वेळ देऊ."

आणि मग दिवाळीच्या सुमाराला सोनगीरची ती आली. सातवा महिना, पहिलटकरीण, डोळे हळदीसारखे. त्या वर्षी त्यांच्या आळीत पाण्याचा पाइप गटारीतून जात होता आणि घरटी एकाला कावीळ होऊन गेली होती. बाकीचे आपोआप बरे झाले, पण पोटुशीला ही कावीळ झाली की ती कुठल्या थराला जाईल याचा भरवसा नसतो. तुम्ही ते मला आधीच सांगून ठेवलं होतं. तिच्यासोबत तिची सासू होती, उंच, हाडकुळी, तोंडावर पदर. "व्हऊनं आंग बठ्ठं पिवयं व्हई गयं, बाई," ती मला म्हणाली, "कालपाईन काई खाती नही." आम्ही तिला दाखल करून घेतलं, सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सासू तिचं गाठोडं बांधत होती. जवळच्या खेड्यात कावीळ उतरवणारे एक नाना होते, त्यांच्याकडे न्यायचं होतं. मी सासूला फाडफाड बोलले. अडाणीपणा, जीव घ्याल, पोलिसांत देईन, तोंडाला येईल ते. सगळा वॉर्ड ऐकत होता.

तुम्ही मला आत बोलावलंत. आवाज चढवला नाहीत, तुमचा आवाज कधी चढायचाच नाही. "ती बाई तिला मारायला नेत नव्हती," म्हणालात, "वाचवायला नेत होती. तुझं आणि तिचं काम एकच आहे. दोघी भांडत बसलात तर ते करणार कोण?" मग बाहेर येऊन सासूशेजारी बाकावर बसलात आणि तिच्याच बोलीत म्हणालात, "बहीन, तिले हलवू नका. नानाले अठेच बलावा."

नाना दुपारी सायकलवर आले. धोतर, डोक्यावर टोपी, हँडलला पिशवी. पितळी ताटात चुन्याचं पाणी घेतलं, मुलीच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला आणि हात पाण्यात धुतले. पाणी पिवळंधमक झालं. सासूने सुटकेचा निःश्वास सोडला. तुम्ही हे सगळं लहान मुलासारखं टक लावून बघत होतात. मग बाह्या वर केल्यात. "नाना, मना हात बी धोई द्या." नानांनी तुमच्या हातांना रस चोळला. पाणी तसंच पिवळं. मला वाटलं आता तुम्ही नानांना सगळ्यांसमोर उघडं पाडणार. तुम्ही फक्त भुवया उंचावल्यात. नाना अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "डाक्टर, तुमाले बी थोडीशी शे." तुम्ही इतके हसलात की पलीकडच्या खोलीतून अक्का बघायला आल्या. त्यानंतर तुम्ही नानांना चहा पाजलात आणि व्हरांड्यात नेऊन एकच गोष्ट मागितलीत. ज्याला कावीळ आहे आणि जो बरळतोय, दिवसा झोपतोय किंवा माणसं ओळखत नाही, त्याचे हात धुवायच्या आधी त्याला इकडे पाठवा. नंतर त्याचे हात धुवा, माझी हरकत नाही. नाना विचार करून म्हणाले, "धाडसू." आणि त्यांनी शब्द पाळला, आबा. त्यानंतर सोनगीरकडून जे पेशंट वेळेत आले, त्यातले कितीतरी नानांनीच पाठवलेले होते.

पण त्या मुलीचं खरं दुखणं पुढेच होतं. लिव्हर काम सोडू लागलं की त्याचा पहिला परिणाम डोक्यावर होतो, आणि तो इतक्या हळू होतो की डॉक्टरला कळेपर्यंत उशीर होतो. शहरातल्या पेशंटला आम्ही शंभरातून सात वजा करायला सांगायचो. ही मुलगी शाळेत गेली नव्हती. तुम्ही तिच्या खाटेशी बसून विचारलंत, "शेवभाजी कशी करस तू?" ती लाजली, पण सांगू लागली. कांदा आणि खोबरं भाजायचं, मिरची, मसाला, पाट्यावर वाटायचं, तेल सोडायचं, वाटण परतायचं, पाणी, उकळी, आणि शेव शेवटी, ताटं वाढल्यावर. आधी टाकली तर तिचा लगदा होतो. तुम्ही सासूकडे वळलात. "बरोबर सांगितलं का?" सासू म्हणाली, हो, पण मीठ विसरली. "आता रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ हिला हे विचारायचं," तुम्ही म्हणालात, "आणि चुकली की लगेच या डॉक्टरबाईंना हाक मारायची. आम्हाला तुमच्या घरची शेवभाजी माहीत नाही. तपासनीस तुम्ही." जिला मी पोलिसांची भीती घातली होती, ती बाई त्या दिवसापासून वॉर्डातली सगळ्यात सावध नजर झाली. पदर डोक्यावर घट्ट ओढून ती खाटेशी बसायची आणि ठरल्या वेळी विचारायची, "सांग वं, भाजी कशी करस?"

दोन दिवस ती बरोबर सांगत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सासू धावत माझ्याकडे आली. "बाई, ती शेव पह्यले उकाळी राहिनी." मी जाऊन बघितलं. मुलगी हसत होती, उत्तर देत होती, वरवर काही वाटत नव्हतं. हात पुढे धरायला सांगितले तर मनगटं पाखराच्या पंखांसारखी फडफडली. मी एकटी असते तर आणखी एक दिवस गेला असता. तुम्ही लगेच सगळं सुरू केलंत. पोट साफ ठेवणारं औषध, एनिमा, रक्त थांबायला इंजेक्शन, झोपेचं काहीही द्यायचं नाही. दोन दीर रक्त द्यायला आले. दुपारी तिला कळा सुरू झाल्या. समोरच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई जेवण टाकून आल्या, आणि भर दुपारी, बाहेर बँडवाले कुणाच्या तरी वरातीची तालीम करत असताना, तिला मुलगी झाली. एवढीशी, पण रडली. अब्बा त्याच आठवड्यात मला भेटायला आले होते. त्यांनी ते बाळ बघितलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ताज्या पिंजलेल्या कापसाची जेमतेम हातभर गादी पाठवून दिली. तशी गादी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शिवली असेल.

बाळ त्या गादीवर पडून राहिलं आणि आई चारेक दिवस कधी इकडे तर कधी तिकडे अशी झुलत राहिली. सासू विचारत राहिली. एकदा मुलीने भाजीत गूळ टाकला, एकदा सासूलाच "तू कोन?" म्हणाली. सासू बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली आणि डोळे पुसून परत आत गेली. मग एका सकाळी मी राउंडला गेले तेव्हा ती मुलगी कांद्यापासून सुरुवात करून मिठासकट सगळी भाजी सांगत होती, हळू, दमून, पण एकही पायरी न चुकता. शेवटी म्हणाली, "आते सांगी सांगी कटाया उना. माले शेवभाजी जोयजे."

सगळ्या कावीळवाल्यांचे नातेवाईक तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही म्हणालात, "द्या." सासूच्या चेहऱ्यावर पुन्हा ती पहिल्या दिवसाची धास्ती आली. "तेल? हायद?" पिवळ्या अंगाला पिवळी हळद तिला तेलाइतकीच वर्ज्य. तुम्ही अक्कांना हाक मारलीत. अक्कांनी पातेलंभर केली, तर्री जरा बेताची ठेवून, आणि तुम्ही तिच्या खाटेशेजारी स्टूल ओढून तिच्याबरोबर जेवायला बसलात. पहिला घास तुम्ही खाल्लात. सासू बघत होती. मग म्हणाली, "तेलमा काय शे ते माले माहित नही. पन तुम्ही खातस, मंग तीबी खाई." त्या दिवसानंतर मागच्या दाराची शेळी रोडावत गेली.

पुढे थंडीत तुम्ही दवाखान्याच्या अंगणात भरताची पंगत घातलीत, आठवतं? बामणोदची वांगी, कपाशीच्या काटक्यांवर भाजलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, आणि पंगतीत सगळे कावीळ होऊन गेलेले, बायका-मुलांसह. नानाही आले होते. तुम्ही भाषण केलं नाहीत, वाढत राहिलात. कुणी "आबा, तेल चालतं ना?" असं विचारलं की ताटात आणखी एक पळी वाढायचात. लोकांच्या गळी नवं मत असं उतरवतात, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

नंतर एकदा मासिक आलं आणि तुम्ही ते हातात नाचवत वॉर्डात शिरलात. सोनगीरच्या त्या काविळीचं बारसं झालं होतं. तिचं नाव ई. तुम्ही खरोखर पेढे वाटलेत. एका म्हाताऱ्या पेशंटने विचारलं, "नातू व्हयना का?" तुम्ही म्हणालात, "हाव, ई नाव ठेवलं."

आणि ती ईदी. त्या वर्षी ईदला मी सुट्टी घेऊन घरी जाणार होते. तुम्ही म्हणालात, सकाळी दवाखान्यात येऊन मग जा. गेले तर टेबलावर बर्फाने भरलेला थर्मास. मुंबईहून रातराणीच्या कंडक्टरच्या हाती मागवलेला. हिपॅटायटिस बीची लस, तेव्हा आपल्या भागात कुणी पाहिलीही नव्हती, आणि ती किती महाग होती हे मला माहीत होतं. नर्सा, आया, झाडूवाल्या मावशी, सगळे रांगेत. तुम्ही मला सगळ्यांत आधी बसवलंत, स्वतः इंजेक्शन दिलंत आणि म्हणालात, "ही तुझी ईदी. दर वर्षी नवा ड्रेस घेतेस, या वर्षी नवं लिव्हर घेतलंस असं समज." सगळ्यांचं झालं. मी म्हटलं, "आबा, आता तुमचा नंबर." तुम्ही थर्मासचं झाकण लावत म्हणालात, "आमची गाडी कधीच निघून गेली, पोरी." मला वाटलं वयाबद्दल बोलताय.

ते कशाबद्दल होतं हे मला काही वर्षांनी कळलं. तुमच्या धाकानेच मी एम.डी.ला गेले होते आणि परीक्षेच्या आधी तुम्हाला भेटायला देवपूरला आले होते. तुम्ही बारीक झाला होतात. दुपारची वेळ, पेशंट संपलेले. तुम्ही सदरा काढून तपासण्याच्या टेबलावर आडवे झालात. "ये, प्रॅक्टिकल घेतो तुझं," म्हणालात. मी हात ठेवला. "घुसवू नकोस बोटं. वाट बघ. मी श्वास घेतो, लिव्हर खाली येऊन तुझ्या बोटाला भेटेल." ते भेटलं. कडक, खडबडीत, जिथे असायला नको तिथपर्यंत आलेलं. "सांग," तुम्ही म्हणालात. मी गप्प. "परीक्षेत गप्प बसलं की नापास करतात. सांग." मी सांगितलं. कडा कशी, पृष्ठभाग कसा, किती खाली. शेवटी निदानही सांगितलं. काचेच्या सिरिंजा आणि पुन्हा पुन्हा उकळलेल्या सुया वापरण्यात तुमचं आयुष्य गेलं होतं. कधीतरी एक सुई बोटात गेली असणार, आणि बी तुमच्या रक्तात तीस वर्षं बिऱ्हाड करून राहिला होता. तुम्हाला ते लस मागवण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. तुम्ही सदरा घातलात, बटणं लावलीत. "पास," म्हणालात. "आणि आता हा हात विसरणार नाहीस. अक्का, हिला जेवायला वाढ."

मी पास झाले. तुम्ही त्यानंतरची थंडी बघितलीत, पुढची नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत व्हरांड्यात बसून पेशंट बघत होतात, आणि अक्का सांगायच्या की स्वतःच्या जेवणात तेल कमी पडलं की भांडायचात. मला तुमच्याबद्दल दुःख करत बसायला कधी जमलंच नाही. तुम्ही त्याला जागाच ठेवली नव्हती.

म्हणून आता बातम्याच सांगते. बीवर रोजची एक गोळी आहे, ती त्याला वर्षानुवर्षं दाबून ठेवते. जी लस तुम्ही थर्मासात मागवली, ती आता सरकारी दवाखान्यात बाळ जन्मल्याबरोबर फुकट टोचतात, आणि टोचणाऱ्या नर्सला त्यात काही विशेष वाटत नाही. लिव्हर किती कडक झालंय ते पोटावर नुसती कांडी टेकवून सांगणारं यंत्र माझ्याकडे आहे, पण मी आधी बोटांनीच बघते आणि मग यंत्र बरोबर आहे का ते तपासते. गेल्या वर्षी माझ्या एका पेशंट मुलाला त्याच्या बापाने आपल्या लिव्हरचा तुकडा दिला. दोघेही हिंडतात-फिरतात, केळीच्या बागेत एकत्र काम करतात. आणि एक गंमत ऐका. आता माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते दारूला न शिवलेले, काविळीचं नाव नसलेले, सुटलेल्या पोटाचे लोक. त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठलेली असते. इतकी वर्षं लोकांना खा खा म्हणून सांगितलं, आणि आता दिवसभर सांगत असते, भाऊ, तर्री जरा कमी करा. अक्कांची शेळी ऐकून हसली असती. वर हेही सिद्ध होत चाललंय की कॉफी लिव्हरला चांगली. तुम्ही आयुष्यभर चहा प्यायलात, तुम्हाला हे पटलं नसतं. पण पुरावा बघितला असतात, आणि दुसऱ्या दिवशी अक्कांना कॉफी करायला लावली असतीत.

हे पत्र लिहून होत आलं आणि आता पाठवायचं कुठे हा प्रश्न आहे. देवपूरच्या त्या जागेवर तीन मजली इमारत झाली आहे. पण पत्ता असता तरी पाठवायला मी कचरले असते, त्याचं कारण वेगळंच आहे. माझी शाळा उर्दू माध्यमाची. मराठी लिहायला मी तुमच्याकडेच शिकले, पेशंटच्या कागदांवर. माझे ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात. हे पत्र तुम्हाला मिळालं असतं तर तुम्ही आधी लाल शाईने सगळ्या वेलांट्या दुरुस्त केल्या असत्यात, खाली दहापैकी मार्क दिले असतेत, आणि मगच उत्तर लिहिलं असतंत. आता वरपासून पुन्हा वाचलं, तर काही चुका मला दिसल्या. त्या मी तुमच्यासाठी तशाच ठेवल्या.